५८,६०० रुपयांचं इस्टिमेट ओळीनं तपासताना : प्रकल्प नोंदी

गाडी : मारुती सुझुकी स्विफ्ट पेट्रोल, २०१४ ची, के-सीरिज ११९७ सीसी इंजिन, मॅन्युअल गिअर. मीटर ७९,१४०. पुणे.
तक्रारी दोनच : ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं आणि एसीची गार हवा थांबते; खड्ड्यातून जाताना पुढे डावीकडून खटखट येते.
इस्टिमेट : १२ ओळी, करापूर्वी ५८,६०० रुपये.
काम : प्रत्येक ओळ मापानं तपासणं, खरी निघेल ती दुरुस्त करणं आणि त्याच गॅरेजचं ४ ऑक्टोबरचं सर्व्हिस बिल पडताळणं.

गाडी शेजारच्या काकूंची. गॅरेजचं नाव नोंदींत मुद्दाम घातलेलं नाही.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

इस्टिमेट व्हॉट्सॲपवर आलं आणि पाठोपाठ फोन : "काकू, हेड गॅस्केट गेलंय. गाडी चालवू नका. आज हो म्हणालात तर सोमवारी खोलायला घेतो." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी.) गाडी गॅरेजमध्येच आहे. अशा वेळी फोनवर वाद घालायचा नाही. आधी काम लेखी थांबवायचं. हा मजकूर पाठवला :

"इस्टिमेट मिळालं. माझी लेखी मंजुरी येईपर्यंत गाडीचा कोणताही भाग खोलू नये किंवा बदलू नये. तपासणीची फी असेल तर किती, ते लिहून कळवावं. खराब म्हटलेल्या प्रत्येक भागाचा, गाडीची नंबरप्लेट त्याच चौकटीत दिसेल असा, व्हिडिओ पाठवावा."

घाई करण्याचं कारण कायद्यात आहे. करार कायदा १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्याच्याकडे वस्तू दुरुस्तीला दिली त्यानं तिच्यावर कौशल्याचं काम केलं असेल, तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. म्हणजे इंजिन एकदा खोललं की खोलल्याचे पैसे हा खरा मुद्दा होतो आणि गाडी अडकते. न खोललेल्या गाडीवर त्याचा हक्क फार तर तपासणी फीपुरता.

संध्याकाळी उत्तर : तपासणी फी ५०० रुपये. व्हिडिओ नाही. डाव्या शॉकअपचा एक फोटो, त्यात नंबरप्लेट नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

गाडी हाताशी नव्हती, म्हणून कागदच वाचला. १२ ओळी : पुढचे शॉकअप जोडी, लिंक रॉड दोन, लोअर आर्म दोन (दोन्ही पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनचे भाग), क्लच सेट, हेड गॅस्केट आणि हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), टायमिंग बेल्ट, पॉवर स्टिअरिंग ऑइल फ्लश, पुढचे ब्रेक पॅड, अल्टरनेटर रिपेअर, इंजेक्टर क्लीनिंग, एसी गॅस, लेबर.

यातल्या दोन ओळी गाडी न बघताच खोट्या ठरतात.

टायमिंग बेल्ट, ३,२०० रुपये. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतोच, टायमिंग चेन असते. बाहेर दिसणारा पट्टा अल्टरनेटर, वॉटर पंप यांचा, तो वेगळा आणि बराच स्वस्त. कोणी त्याच पट्ट्याला 'टायमिंग' म्हणत असेल, तर ३,२०० ही किंमत त्याच्याशी जुळत नाही.

पॉवर स्टिअरिंग ऑइल फ्लश, १,६०० रुपये. या स्विफ्टचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे. पंप नाही, डबी नाही, तेल नाही. फ्लश करायचं काय?

एखाद्या इस्टिमेटबद्दल शंका आली की पहिला अर्धा तास इथेच घालवावा. आपल्या गाडीत नसलेला भाग यादीत सापडला, तर ती यादी गाडी बघून केलेली नाही, एखाद्या ठरावीक नमुन्यावरून उतरवलेली आहे. मग उरलेल्या ओळीही पुन्हा तपासाव्या लागतात.

तिसरी गोष्ट कराची. शॉकअप, लोअर आर्म, क्लच या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी लावलाय. मोटारीच्या सुट्या भागांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के आहे. जुन्या सॉफ्टवेअरमुळे झालं असं म्हणावं, तर याच गॅरेजच्या ४ ऑक्टोबरच्या बिलावर १८ टक्केच आहे. जीएसटी पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून पाहिला. तो खरा आहे, चालू आहे, २७ नं सुरू होतो म्हणजे महाराष्ट्राचाच. हा शोध सगळ्यांना खुला आहे. पोर्टलवर दुकान 'कंपोझिशन' प्रकारात (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर योजना) दिसलं, तर त्याला ग्राहकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. इथे तसं नाही, नियमित नोंदणी आहे.

लेबरचे ८,५०० एकाच ओळीत आहेत. कुठल्या कामाचे किती, हे कळत नाही. अशी ओळ कधीही मंजूर करू नये, कारण अर्धी कामं रद्द केली तरी लेबर तेवढंच राहतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गाडी बाहेर काढली. काउंटरवर वाद नाही. एवढंच सांगितलं, "दादा, घरच्यांशी बोलून ठरवतो." ५०० रुपये यूपीआयनं दिले, शेऱ्यात 'फक्त तपासणी फी, हरकत राखून' लिहिलं आणि पावती घेतली.

फाटकातून निघण्याआधी फोटो : मीटर, पेट्रोलचा काटा, बॅटरीवरचा सिरीअल नंबर, चारही टायरवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा शिक्का, स्टेपनी, जॅक. गाडी सोडतानाचे असेच फोटो असते तर तुलना करता आली असती. ते नव्हते. पुढच्या वेळी गाडी सोडतानाच काढायचे.

घरी आल्यावर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. एकही कोड साठवलेला नाही, प्रलंबितही नाही. मात्र 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' हे वाचन ११ किलोमीटर आलं. (प्रत्येक ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हा आकडा देतोच असं नाही, या गाडीत मिळाला.) गॅरेज ते घर अंतर तेवढंच. म्हणजे कोड गॅरेजमध्ये पुसले गेले. काही कोड होता की नुसतंच पुसलं, हे आता कळणार नाही. मेकॅनिक स्कॅनर लावून कोड पुसतात त्यात गैर काही नाही. पण 'स्कॅनरनं दाखवलं' असं इस्टिमेटमध्ये लिहायचं आणि स्कॅनचा फोटो द्यायचा नाही, हे पटत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार : तापणं

तक्रारीतच उत्तराची दिशा होती. गाडी उभी असताना तापते, ५०-६० च्या वेगाला तापत नाही. चालत्या गाडीत रेडिएटरमधून वारा जातो, उभ्या गाडीत तो वारा फॅननं द्यावा लागतो. हेड गॅस्केट गेलेलं इंजिन उलट वागतं : चढावर, जोर लागल्यावर जास्त तापतं, पाणी पितं, थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात वरचा होज दगडासारखा कडक होतो.

चाचणी १. इंजिन सुरू, एसी पूर्ण. फॅन काही सेकंदांत सुरू व्हायला हवा. झाला नाही. ओबीडीवर कूलंटचं तापमान बघत राहिलो. १०४ अंशांवरही फॅन गप्प. १०६ ला इंजिन बंद केलं. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत दाबाखालचं कढत पाणी असतं, झाकण निघताच ते उकळून तोंडावर येतं.

चाचणी २. फॅनचा फ्यूज शाबूत. मोटरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला, कनेक्टर सुटा असताना १२.४ व्होल्ट. इथेच बरेच जण फसतात : व्होल्टेज पोहोचतंय, म्हणजे मोटर गेली, बदला. पण मल्टिमीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे जळक्या संपर्कातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. मोजमाप भाराखाली घ्यावं लागतं. कनेक्टर जोडून, मागून पिन घालून पुन्हा मोजलं : ५.८ व्होल्ट.

चाचणी ३. मोटरला बॅटरीवरून थेट, ३० ॲम्पिअरचा फ्यूज मध्ये घालून वायर दिली. जोरात फिरली, आवाज नाही, करंट ९ ॲम्पिअर. मोटर ठीक.

चाचणी ४. फॅन सुरू करण्याचा आदेश चालू ठेवून रिलेच्या (फॅनला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) दोन जाड टर्मिनलांमधला फरक मोजला. चांगल्या रिलेत तो ०.२ व्होल्टच्या आत असतो. इथे साडेसहा. रिले काढून टोपण उघडलं, आतला संपर्क काळा पडून खड्डा झालेला. त्याच बॉक्समधला त्याच क्रमांकाचा दुसरा रिले तात्पुरता लावला, फॅन लगेच सुरू.

एसीचं कोडंही सुटलं. फॅन नसेल तर कंडेन्सर गार होत नाही, गॅसचा उच्च दाब चढत जातो आणि संरक्षणासाठी कंप्रेसर बंद होतो. गॅस कमी असेल तर उच्च दाब चढत नाही, उतरतो. फॅन चालू झाल्यावर गेज लावले : कमी बाजू २ बारच्या आसपास, उच्च बाजू १४. मधल्या व्हेंटला ८ अंश. गॅसची ओळ रद्द.

गॅरेजच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. असा रिले कधी लागतो, कधी लागत नाही. त्यांनी तपासलं तेव्हा फॅन फिरला असेल. पण फॅन फिरतोय आणि इंजिन तापतंय असं दिसल्यावर पुढची पायरी थर्मोस्टॅट, कूलंटची पातळी, दाबचाचणी ही असते. थेट हेड उतरवणं नव्हे.

२२ नोव्हेंबर, शनिवार : खालचं काम, ब्रेक, क्लच

गाडी जॅकवर उचलून स्टँडवर बसवली. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही.

*शॉकअप.* फोटोत दाखवलेलं डाव्या शॉकअपवरचं तेल खरंच होतं, पण ते पातळ, स्वच्छ आणि खालच्या कपावरच. सील गेलेल्या शॉकअपमध्ये तेल दांड्यापासून खाली ओघळतं आणि त्यावर धूळ बसून काळा, जाड लेप तयार होतो. तो एका दिवसात होत नाही. इथे धुळीचा कण नव्हता. चिंधीला थोडं पेट्रोल लावून दोन्ही शॉकअप कोरडे केले, खडूनं रेघ मारली. ६० किलोमीटर चालवून पुन्हा पाहणार. कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदा वर येऊन स्थिर होते. ही चाचणी ढोबळ आहे, शॉकअप पूर्ण मेला असेल तरच ती सांगते. म्हणून खरा भरवसा रेघेवर.

*लिंक रॉड.* डावा हातानं हलवला तरी टकटक. खटखटीचं मुख्य कारण हेच. उजवाही सैल व्हायला लागलाय. ही ओळ खरी.

*लोअर आर्म.* पहार घालून बुश (सांध्यातले रबरी भाग) तपासले. डाव्या आर्मचा मागचा बुश फाटलेला, रबर धातूपासून सुटलंय. उजवा चांगला. दोन्ही बॉल जॉइंट घट्ट (चाक वर-खाली धरून हलवलं, खेळ नाही). म्हणजे ओळ अर्धी खरी.

*ब्रेक पॅड.* इस्टिमेटमध्ये 'संपले' लिहिलंय. मोजल्यावर बाहेरचे ७ मिलिमीटर, आतले साडेसहा, पत्रा सोडून फक्त घर्षणाचा थर. बदलायची वेळ ३ मिलिमीटरच्या आसपास येते. चाक न काढता जाळीतून बाहेरचाच पॅड दिसतो आणि आतला बहुधा आधी झिजतो, म्हणून चाक काढूनच मोजावं. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. अजून बरीच बाकी. मागचे लायनर ड्रम उघडून पाहिले, २ मिलिमीटर. यांच्याबद्दल इस्टिमेटमध्ये अवाक्षर नाही, आणि लवकर लागणार आहेत ते हेच!

*क्लच.* सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथा गिअर, ४० चा वेग, ॲक्सिलरेटर पूर्ण. क्लच घसरत असेल तर आरपीएम उडी मारतो आणि वेग मागे राहतो. इथे दोन्ही बरोबर चढले. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडला, इंजिन लगेच बंद पडलं. (ही चाचणी एकदाच करावी, पुन्हा पुन्हा केली तर तीच क्लच जाळते.) रिव्हर्स विनाआवाज पडतो. क्लच प्लेट ठीक. पण पेडलला मोकळी चाल शून्य होती. अशाने रिलीज बेअरिंग सतत दाबाखाली राहतं आणि पुढे चांगली प्लेटही घसरायला लागते. केबल सैल करून मॅन्युअलमधल्या मापाला आणली. दहा मिनिटांचं काम. इस्टिमेटमध्ये त्या जागी ७,४०० चा सेट.

*अल्टरनेटर.* इंजिन बंद १२.५, सेल मारताना सर्वांत खाली १०.४, चालू इंजिनात सगळे दिवे, ब्लोअर, मागची काच लावून १३.९ व्होल्ट. निरोगी. ४,२०० ची ओळ रद्द.

२३ नोव्हेंबर, रविवार : हेड गॅस्केट आणि जुनं बिल

आजचं काम मुद्दाम एका तिसऱ्या, ओळखीपाळखीच्या बाहेरच्या गॅरेजमध्ये केलं. कारण ऑक्टोबरच्या बिलात नवे प्लग लावलेत, ते काढले की त्या बिलाचा पुरावाही हलतो. स्वतः काढून फोटो दाखवले तर समोरचा म्हणणार, तुम्हीच जुने बसवले. तिथल्या मेकॅनिकनं काढले, निरीक्षण लेटरहेडवर लिहून तारखेसह सही केली. व्हिडिओ सलग, न कापता : नंबरप्लेट, मीटर, बॉनेट, कॉइल, प्लग. पुढे प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेलं तर मोबाईलमधल्या व्हिडिओसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६३ चं प्रमाणपत्र लागू शकतं (पूर्वी ६५-ब म्हणत ते). त्यासाठी मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्यावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत दाबलेली असते.

*थंड इंजिनावर दाबचाचणी.* रेडिएटरच्या तोंडावर पंप बसवून झाकणावर लिहिलेला १.१ बार दाब दिला. १५ मिनिटांत काटा हलला नाही.

*ज्वलनवायूची चाचणी.* निळा द्रव भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर, इंजिन चालू, दोन मिनिटं. सिलिंडरातला वायू पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा होतो. निळाच राहिला. आधी रेडिएटरमधलं थोडं पाणी काढून पातळी खाली आणावी. पाणी नळीत शिरलं तर चाचणी वाया जाते.

*कॉम्प्रेशन.* चारही प्लग काढून, इंधन पंपाचा फ्यूज काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल मारला : १३.१, १३.०, १२.८, १३.२ बार. सिलिंडरांमध्ये १ बारहून जास्त फरक असता तर शोध घ्यावा लागला असता. इथे ०.४. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही.

हेड गॅस्केट शाबूत. ११,५०० ची ओळ रद्द, आणि लेबरचा मोठा हिस्सा तिच्याबरोबर.

*प्लग.* ऑक्टोबरच्या बिलात 'इरिडियम प्लग, ४ नग, ३,१२०'. निघाले साधे निकेलचे. ओळखायला तज्ज्ञ लागत नाही : इरिडियम प्लगचा मधला इलेक्ट्रोड सुईसारखा, मिलिमीटरहून बारीक, साध्याचा जाड, अडीच मिलिमीटरच्या आसपास. शिवाय या चारही प्लगांच्या कडा गोल झालेल्या आणि गॅप मॅन्युअलच्या मापाबाहेर वाढलेला. ४ ऑक्टोबरला मीटर ७८,२१२ होतं. ९२८ किलोमीटरमध्ये कडा अशा झिजत नाहीत. म्हणजे साधे प्लग इरिडियम म्हणून विकले असंही नाही. बदललेच नाहीत.

*कूलंट.* बिलात ३ लिटर, १,०५०. बाहेर आलं ते गंजकट तपकिरी पाणी. रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवातलं प्रमाण दाखवणारं भिंग) ग्लायकॉल, म्हणजे कूलंटचा मुख्य घटक, शून्य. पुण्यात पाणी गोठत नाही म्हणून कूलंटची चैन कशाला, असं म्हणणारे भेटतात. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनिअमचं हेड, रेडिएटर आणि वॉटर पंप वाचवतात आणि उकळबिंदू वाढवतात, म्हणून तो घालायचा. नुसत्या नळाच्या पाण्यावर काही वर्षं काढलेल्या इंजिनाचं हेड खरोखर उतरवावं लागतं.

बिलातल्या बाकी ओळी खऱ्या : ऑइल ताजं, ऑइल फिल्टर नवा, एअर फिल्टर नवा. इंजेक्टरबद्दल : लाँग टर्म ट्रिम (ईसीयू इंधनाच्या प्रमाणात सतत करत असलेली दुरुस्ती) अधिक ३ टक्के, मिसफायर नाही. उणे-अधिक १० च्या आत असताना इंजेक्टर धुण्याचं कारण नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार : नाना पेठ

सुटे भाग नाना पेठेतून (पुण्यातला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार), पक्क्या बिलावर. चॅसी नंबर दाखवून पार्ट नंबर काढून घेतला. 'सगळ्या स्विफ्टला हेच बसतं' यावर जायचं नाही. पेट्रोल-डिझेल आणि साल बदललं की आर्मही बदलतो.

लिंक रॉडच्या पाकिटावर छापील किंमत ६४०, सर्व करांसह. इस्टिमेटमध्ये एकाला १,४५०, वर कर. पाकिटावर छापील कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि कंपनीचा पत्ता असावाच लागतो, आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणून गॅरेजमध्ये काम करून घेताना नव्या भागाचं रिकामं पाकीट आणि काढलेला जुना भाग, दोन्ही मागून घ्यावं. हे इस्टिमेट मंजूर करतानाच लिहावं. नंतर मागितलं की 'भंगारात गेलं' हे उत्तर तयार असतं.

खरेदी : रिले २६०, लिंक रॉड दोन १,२८०, डावा लोअर आर्म १,७५०, साधे प्लग चार ७२०, कूलंट २ लिटर (घट्ट, अर्धं पाणी घालायचा) ७८०. एकूण ४,७९०.

२९ नोव्हेंबर, शनिवार : बसवणी आणि चाचणी

लिंक रॉडचा नट गंजलेला. नट फिरवताना आतला स्टडही फिरतो, तो ॲलन कीनं धरावा लागतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, म्हणून कापावा लागला नाही.

लोअर आर्म बसवताना बुशचे बोल्ट आधी हातघट्ट ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवून वजन आल्यावरच टॉर्क पान्यानं शेवटचे आवळायचे. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. चांगल्या गॅरेजमध्येही घाईत हे राहून जातं. त्यानंतर अलाइनमेंट, ४५० रुपये.

कूलंट : आधी साध्या पाण्यानं दोनदा धुतलं, स्वच्छ पाणी येईपर्यंत. शेवटचं पाणी ३.८ लिटर निघालं. १.९ कूलंट, १.९ डिस्टिल्ड वॉटर मिसळून भरलं. हवा काढायला हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, थंड इंजिन सुरू करून फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबलो. पातळी उतरेल तसं भरत गेलो.

चाचणी : जुना कात्रज घाट एसी लावून वर, मग नवले पुलाच्या संध्याकाळच्या गर्दीत ४० मिनिटं. तापमान घाटात कमाल ९७, गर्दीत ९३ ते ९८ मध्ये वरखाली, फॅन दर वेळी लागला. एसी थांबला नाही. खटखट बंद. शॉकअपवरची खडूची रेघ कोरडी, तेल पुन्हा आलेलं नाही. ते तेल कोणी लावलं, हे आम्ही सांगू शकत नाही. शॉकअपमधून आलेलं नव्हतं, एवढं नक्की.

१ डिसेंबर, सोमवार : गॅरेजला पत्र

पत्रात काय मागायचं, यावर बराच विचार झाला. इस्टिमेट खोटं होतं म्हणून संताप कितीही असला, तरी त्यापोटी ५०० रुपयांपलीकडे पैसे गेलेले नाहीत. नुकसान झालं ते ऑक्टोबरच्या बिलात, आणि तिथेच पुरावा पक्का आहे. म्हणून मागणी एकच : न बदललेले प्लग ३,१२० आणि न घातलेला कूलंट १,०५०, मिळून ४,१७०; त्यावरचा १८ टक्के कर ७५० रुपये ६० पैसे; एकूण ४,९२० रुपये ६० पैसे. मुदत १५ दिवस. सोबत बिलाची प्रत, तिसऱ्या मेकॅनिकचं निरीक्षण, चार फोटो. इस्टिमेटमधल्या टायमिंग बेल्ट आणि स्टिअरिंग ऑइलचा उल्लेख एका परिच्छेदात, फक्त वस्तुस्थिती. 'चोर', 'फसवणूक' हे शब्द नाहीत. पोस्टानं पोचपावतीसह आणि व्हॉट्सॲपवरही.

४ डिसेंबर, गुरुवार

फोन आला : "पोरानं चुकून लिहिलं असेल, पुढच्या सर्व्हिसला ॲडजस्ट करू." काकूंनी ठरल्याप्रमाणे उत्तर दिलं, "ठीक आहे, तेवढं लिहून पाठवा." पुढच्या सर्व्हिसचं आश्वासन स्वीकारायचं नाही, त्यासाठी गाडी त्याच हातांत पुन्हा द्यावी लागते. लिहून काही आलं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

मुदत संपली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवली, क्रमांक घेतला. हेल्पलाइन समेट घडवते, आदेश देऊ शकत नाही. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. त्याचा हिशेब काढून ठेवला : ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही, घटनेपासून २ वर्षांत तक्रार करावी लागते, आणि कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही ती दाखल करता येते. दुसऱ्या गावच्या गॅरेजविरुद्ध लढणाऱ्याला हे कलम फार उपयोगी. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून. वकील सक्तीचा नाही. रीतसर बिल न देणं हीसुद्धा या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. पण पावतीच घेतलेली नसेल तर पैसे दिल्याचं आपल्यालाच सिद्ध करावं लागतं, म्हणून कच्च्या चिठ्ठीवर आणि रोखीनं काम करून घेऊ नये.

९ जानेवारी २०२६, शुक्रवार

गॅरेजकडून यूपीआयनं ४,९२० रुपये आले. सोबत 'सद्भावनेपोटी' असा संदेश. चूक कबूल केलेली नाही, तशी मागणीही नव्हती. ६० पैशांसाठी ताणलं नाही. हेल्पलाइनवर तक्रार निकाली काढली, पावत्या आणि मूळ व्हिडिओ ठेवले.

गाडीवर झालेला खर्च : सुटे भाग ४,७९०, अलाइनमेंट ४५०, तिसऱ्या गॅरेजची तपासणी आणि प्लगचं लेबर १,२००. एकूण ६,४४०.

मीटर ८०,३१०. कूलंटची पातळी खुणेवर, रंग निळा. शॉकअप कोरडे. ऑइल फिल्टरच्या तळाला, एअर फिल्टरच्या कडेला, प्लगच्या षटकोनावर आणि बॅटरीच्या बुडाशी नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावला, तारखेसह फोटो काढले. पुढच्या सर्व्हिसनंतर भाग खरंच बदलला का, ते ठिपक्यावरून दिसेल. मागचे लायनर ८५,००० ला पुन्हा मोजायचे.